इंजिनिअरिंगमधलं नोकरीत नेमकं काय कामाला आलं?

रानवारा

नमस्कार मंडळी. बारावी झालेल्या मामेभावाला कॉम्प्युटरला जायचंय. कॅपचा (इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाचा) ऑप्शन फॉर्म भरायचा आहे आणि आख्ख्या घराण्यात 'कॉम्प्युटरवाली' मीच, त्यामुळे सांगलीहून रोज फोन. परवा त्याने सरळ विचारलं, "ताई, यूट्यूबवर सगळे म्हणतात कॉलेजात काही शिकवत नाहीत. डिग्री घ्यायची आणि बाकी घरी बसून शिकायचं. मग कॉलेज कुठलं का असेना?"

मी पुणे विद्यापीठाची, २०१२ पॅटर्नवाली. टर्बो सीची निळी स्क्रीन, मागच्या बॅचच्या फाइलवरून उतरवलेले राइटअप, सबमिशनच्या आठवड्यात सह्यांसाठी स्टाफरूमबाहेरची रांग, सगळं केलंय. तरीही 'काही शिकवत नाहीत' हे मला पटत नाही. आता काही वर्षं फ्रेशर्सच्या मुलाखती घेते आहे. कुठल्या भाषा येतात हे मी विचारतच नाही. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला तीसेक ओळींचा प्रोग्रॅम पुढ्यात ठेवते आणि म्हणते, हा काय करतो ते सांग. बरीच मुलं तिथंच अडतात. रिझ्युमेवर रिॲक्ट, नोड, मोंगो, डॉकर सगळं हजर. पण लूपमधून (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींतून) बाहेर पडताना 'आय' (i) या व्हेरिएबलची किंमत किती, हे कागदावर काढायला सांगितलं की घाम फुटतो. ज्यांना ते जमतं त्यांना बाकीचं कामावर येतंच, असा माझा अनुभव.

तर प्रश्न असा: नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अभ्यासक्रमातली कुठली गोष्ट खरोखर उपयोगी पडली? आणि कुठली बाहेर शिकावी लागली? 'सगळं भंगार आहे' हे ऐकून झालंय, ते सोडून लिहा. कॉलेजांची, कंपन्यांची नावं घेऊन शिव्या नकोत, धागा उडेल.

चहाटळ

एक्स्टर्नल परीक्षक यायच्या आत टेबलावर सामोसे आणि चहा हवा, हे कॉलेजात शिकलो. क्लायंट व्हिजिटला जसंच्या तसं कामाला आलं. एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) कुठं वापरतात ते मात्र अजून शोधतोय.

सिग्नलवाला

@चहाटळ, एम-थ्रीमध्ये फूरिये होतं ना? फोनवर गाणी ऐकता ती दाबून लहान करायला आणि फोटोची जेपेग करायला जे गणित लागतं ते त्याच घराण्यातलं.

चहाटळ

ते बनवणाऱ्याला लागतं हो. केटी मात्र ऐकणाऱ्याला लागली.

पिग्मीवाला

ताई, मस्त विषय. माझं उत्तर तयार आहे: संगणक अपूर्णांक कसे साठवतो, ते.

सेकंड इयरला कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनमध्ये फ्लोटिंग पॉइंट असतो. साइन, एक्स्पोनंट, मँटिसाचे चौकोन काढायचे आणि मार्क घ्यायचे, याउपर त्याला अर्थ नाही असं वर्गातलं एकमत. पहिली नोकरी लागली कोल्हापूर भागातल्या एका लहान फर्ममध्ये. गिऱ्हाईक म्हणजे पतसंस्था. पिग्मी एजंट दिवसभर दुकानोदुकानी वसुली करणार, संध्याकाळी हातातल्या मशीनमधला डेटा शाखेत उतरवणार, मग दिवस बंद. एका शाखेत व्याज टाकलं की तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळेना. फरक किती, तर काही पैसे. आमचे साहेब म्हणाले, राउंड करून टाक, पैशाला कोण विचारतो! विचारणारे होते. तिथले वयस्कर अकाउंटंट. त्यांनी प्रिंटआउट पुढ्यात ओढला, पेन्सिलीने बेरीज करत खाली आले आणि म्हणाले, "शंभर-दोनशेचा फरक असता तर म्हटलं असतं कुणाची तरी एंट्री चुकली. पैशाचा फरक म्हणजे तुमच्या मशीनलाच बेरीज येत नाही. जुळल्याशिवाय मी सही करणार नाही."

माणूस बरोबर होता. रकमेचा कॉलम फ्लोट ठेवलेला. दशमानात ०.१ लिहायला एक घर पुरतं, द्विमानात ते संपतच नाही. कुठंतरी तोडावं लागतं. एका खात्यात हे दिसत नाही, हजारो खात्यांची बेरीज केली की डोकं वर काढतं. आजही ब्राउझरच्या कन्सोलवर ०.१ आणि ०.२ची बेरीज करून बघा, ०.३ला शेपूट लागलेलं दिसेल. मग सगळ्या रकमा पैशांत, पूर्णांकात ठेवल्या, दाखवताना तेवढं शंभराने भागलं, आणि व्याज कुठल्या पायरीला राउंड करायचं ते त्या काकांनाच विचारून ठरवलं. जुळलं.

बाहेर शिकलो ती म्हणजे तेरीज. नावे-जमा कशाला म्हणतात हे चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. माझं तर म्हणणं, कॉम्प्युटरच्या पोरांना अकाउंट्सचा एक पेपर सक्तीचा करा.

जुना_कोबोलकर

@पिग्मीवाला, दंडवत. कोबोलमध्ये (आमच्या काळची प्रोग्रॅमिंगची भाषा) ही भानगड टळते. रकमेला दशांशाची घरं किती ते आधीच सांगायचं आणि पॅक्ड डेसिमलमध्ये ठेवायचं. बँका अजून कोबोलला चिकटून आहेत त्यात याचाही वाटा आहे.

मी बी.एस्सी. फिजिक्स. नव्वदच्या दशकात दिवसा लॅब असिस्टंट आणि संध्याकाळी क्लास. तेव्हा कंपन्यांना माणसं पुरत नव्हती. जुन्या प्रोग्रॅममध्ये जागा वाचवायला वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले. २००० उजाडलं की ००, म्हणजे यंत्राच्या लेखी १९००. ते शोधून दुरुस्त करायला मेकॅनिकल, सिव्हिल, मेटलर्जी, बी.एस्सी., जो येईल त्याला घेत आणि तीन महिन्यांत उभा करत. नवा कोड लिहायचा प्रश्नच नव्हता. आपल्या जन्माआधी कुणी अमेरिकनाने लिहिलेलं वाचायचं आणि त्यात तारीख कुठं दडलीय ते हुडकायचं. व्हेरिएबलच्या नावात 'डेट' असेल तर नशीब. एकाने बहुधा आपल्या कुत्र्याचं नाव दिलं होतं. म्हणून रानवारा, तुमचा मुलाखतीतला प्रश्न मला पसंत.

पुढे २०००-०१मध्ये डॉटकॉमचा फुगा फुटला, तिकडची कामं आटली, आणि ज्यांना फक्त तारखा हुडकता येत होत्या ते बेंचवरून (काम नसलेल्यांच्या यादीतून) घरी गेले. मी टिकलो तो डेटाबेस शिकून घेतला म्हणून.

बाभळगावकर

ताई, विरोध नोंदवतो. राग मानू नका.

मी दहावीनंतर डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयर. मराठी माध्यम, सेमीसुद्धा नाही. डिप्लोमात हाताने काम भरपूर होतं, मशीन खोलून रॅम बदलण्यापासून व्हीबीत छोटं बिलिंग सॉफ्टवेअर करण्यापर्यंत. डिग्रीला आलो तर एम-वन, एम-टू न करता थेट एम-थ्रीच्या तोंडी. ते निभावलं. अडलो ते कॅम्पसला. ॲप्टिट्यूड पार, टेक्निकल टेस्ट पार, ग्रुप डिस्कशनमध्ये बाद. विषय कळला होता, मुद्दे होते, तोंड उघडेपर्यंत पुण्याच्या पोरांचं बोलून झालेलं असायचं.

तुमचा तीस ओळींचा प्रोग्रॅम मी वाचला असता. आयची किंमतही काढली असती. पण 'एक्स्प्लेन' म्हटल्यावर गप्प बसलो असतो आणि तुम्ही लिहिलं असतं, याला कोड वाचता येत नाही. मुलाखतीत मराठीत सांगू देता का?

माझ्यापुरतं उत्तर: अभ्यासक्रमातलं डीबीएमएस (डेटाबेसचा विषय) कामाला आलं, आणि बाहेर शिकलो ते बोलणं. पहिल्या नोकरीत रोज सकाळी स्टँडअप. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय. ती तीन वाक्यं मी रूमवर वहीत लिहायचो, मोठ्यांदा म्हणायचो आणि मग कॉलला बसायचो. रूममेट हसायचे. हळूहळू वही सुटली.

रानवारा

@बाभळगावकर, राग कसला, नेमकं बोट ठेवलंत. मी स्वतःहून सांगते की मराठी, हिंदी काहीही चालेल. पण पॅनेलवर दुसरी व्यक्ती बऱ्याचदा चेन्नईची किंवा हैदराबादची असते, मग मी मधे बसून इंग्रजीत सांगते. त्यात उमेदवाराचा सूर तुटतो हे खरं. कागदावर प्रत्येक फेरीला व्हेरिएबलची किंमत मांडून दाखव म्हटलं तर भाषा लागत नाही. ते मी आधी करायला हवं, बोलणं मागाहून. पुढच्या वेळी क्रम बदलते.

खडूस

हे सगळं गोड आहे, पण कामावर गेल्यावर क्लायंटशी कागदावर आकडे मांडून बोलणार का? इंग्रजी लागतंच. मराठी माध्यमाचं रडगाणं किती दिवस?

बाभळगावकर

@खडूस, रडलो कुठं? शिकलो असं लिहिलंय. शिकायला वेळ मिळाला कारण एका कंपनीने आधी आत घेतलं. दारातच हाकललं असतं तर वहीत काय लिहिलं असतं?

फर्मागुडी

आमच्या गोवा इंजिनिअरिंग कॉलेजातही हेच. घरी कोंकणी, शाळेत थोडं मराठी थोडं इंग्रजी, आणि पास झाल्यावर बॅग भरून पुणे नाहीतर बंगळूर. गोव्यात या कामाच्या नोकऱ्या मोजक्या. बंगळुरात पहिले सहा महिने मी मीटिंगमध्ये फक्त 'येस, शुअर' म्हणत होतो. ऑपरेटिंग सिस्टिम्समधलं डेडलॉक मात्र कामाला आलं. डेटाबेसमधली दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांना हव्या असलेल्या टेबलावर कुलूप लावून बसलेली, ॲप लटकलेलं, सीनियर सर्व्हर रीस्टार्ट करायला निघाला होता. दोघांनीही टेबलांना एकाच क्रमाने हात लावायचा, एवढाच उपाय. पुस्तकात सर्क्युलर वेट म्हणून दिलेलंच आहे.

टेस्टवाली

वाचतेय. एकानेही टेस्टिंगचं नाव काढलं नाही, अपेक्षित होतं.

ट्रेनिंग झाल्यावर स्ट्रीम वाटतात. मला जावा हवं होतं, मिळालं टेस्टिंग. घरी सांगताना आईचा आवाज पडला, जणू काही नापास झाले. मैत्रिणींनी सांगितलं, लवकर निघ, शिक्का बसतो. पण फायनल इयरला टेस्टिंगचा इलेक्टिव्ह घेतला होता (सोपा म्हणून, खोटं कशाला बोलू) आणि त्यातलं बाउंड्री व्हॅल्यू (मर्यादेच्या काठावरच्या किमती तपासणं) तेवढं डोक्यात राहिलं होतं. विम्याचा प्रोजेक्ट. वय १८ पूर्ण हवं. सगळे १७, १८, १९ टाकून बघत होते. मी २९ फेब्रुवारीचा जन्म टाकला. लीप वर्ष नसलेल्या साली हा माणूस अठराचा कधी होतो, २८ फेब्रुवारीला की १ मार्चला? डेव्हलपर म्हणाला, असं कोण असतं. बीए (बिझनेस ॲनालिस्ट) म्हणाल्या, विचारते. क्लायंटकडच्या कायदेवाल्यांपर्यंत प्रश्न गेला.

दुसऱ्याने लिहिलेलं वाचणं, त्याने काय गृहीत धरलं ते ओळखणं, हेच दिवसभर करतो आम्ही. रानवारा यांनी मुलाखतीत जे विचारलं ते आमचं रोजचं काम आहे. तरी लग्नाच्या बायोडेटात 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' लिहितात, 'टेस्टर' नाही.

रात्रपाळी

टेस्टवाली +१. सपोर्टवाल्यांचं तर नावच नको, आम्ही या व्यवसायातले वॉचमन.

पहिली दोन वर्षं मी हिंजवडीत रात्रपाळीला अमेरिकन क्लायंटचे बॅच जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारे प्रोग्रॅम) बघायचो. मार्चमधल्या एका रविवारी अडीचचा जॉब चाललाच नाही. एरर नाही, लॉग नाही, जणू वेळ झालीच नव्हती. आणि खरोखर झाली नव्हती! मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे रात्री दोनला घड्याळ थेट तीनवर नेतात. अडीच वाजतच नाहीत. नोव्हेंबरात उलटं, एक ते दोनचा तास दोनदा येतो, म्हणजे दीडचा जॉब दोनदा चालायचा धोका. भारतात एकच वेळ, वर्षभर तीच, त्यामुळे हे कुठल्याच पुस्तकात आपल्याला खटकलेलं नसतं. जॉब यूटीसीवर (जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेवर) नेले.

सपोर्टमध्ये पडलो म्हणून रडणाऱ्यांना एवढंच सांगतो: चालू सिस्टिम कशी मोडते हे तिथं दिसतं. फक्त तिकिटं (आलेल्या तक्रारी) बंद करत बसू नका, का आलं तेही लिहून ठेवा. आणि दोन वर्षांच्या वर राहू नका, तब्येत जाते.

सेमीकोलन

मोठ्यांच्या गप्पा वाचून बरं वाटलं, पण आमचं कुणी ऐकेल का? मी २०२४चा पासआउट. कॅम्पसमधून ऑफर लेटर मिळालं, जॉइनिंगची मेल येता येता वर्ष जात आलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. घरी शेजारीपाजारी विचारतात, अजून घरीच का? फ्रेशरचं पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपास तर माझ्या मोठ्या चुलतभावाच्या वेळेपासून तेच आहे, पीजीचं भाडं मात्र तेव्हाचं राहिलेलं नाही.

आणि आता प्रत्येक जण म्हणतो, एआय कोड लिहितं, तुमची गरज काय. आम्ही सेकंड-थर्ड इयरला असताना २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. त्यानंतरच्या असाइनमेंट कुणी लिहिल्या ते सांगायला नको. सर्क्युलर वेट वगैरे माहीत असून माझं काय होणार? लीटकोड (कोडिंगच्या सरावाची साइट) करू, गेट (एम.टेकची प्रवेश परीक्षा) देऊ, की डॅक करू?

चहाटळ

आमच्या वेळी असाइनमेंट मागच्या बेंचवरच्या मित्राने लिहिली होती. त्याचंही इंग्रजी चांगलं होतं.

डॅकवाला

@सेमीकोलन, डॅकबद्दल सांगतो. सी-डॅकचा सहा महिन्यांचा कोर्स, प्रवेशाला सी-कॅट द्यावी लागते, वर्षाला दोन बॅच निघतात. सकाळी लेक्चर, दुपारी लॅब, रात्री उशिरापर्यंत पुन्हा लॅब. सी++, जावा, डेटाबेस, डॉटनेट, वेब, सगळं एकामागून एक अंगावर येतं. नवीन असं फार नाही, डिग्रीतलंच. फरक एवढा की इथं प्रत्येक गोष्ट स्वतःच्या हाताने टाइप करावी लागते आणि शेजारचा तुमच्याहून जास्त घाबरलेला असतो. मला फायदा झाला कारण माझी डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची. तुझी कॉम्प्युटरची असेल आणि स्वतः बसून करायची सवय असेल तर फीचे पैसे वाचव. सेंटर बघून घे, सगळीकडची प्लेसमेंट सारखी नसते. लाखावर कर्ज काढून जाऊ नकोस.

जुना_कोबोलकर

सेमीकोलन बाळा, २००१ला आणि २००८ला पास झालेल्यांना विचार. ऑफर हातात आणि बोलावणं नाही, हे तेव्हाही झालंय. त्यातली पुष्कळ पोरं मधल्या काळात लहानशा फर्ममध्ये मिळेल त्या पगारावर चिकटली, आणि मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं तेव्हा गेली नाहीत. मेलची वाट बघत घरी बसू नकोस एवढंच.

नवखा२०२४

एक प्रश्न. पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीने सांगितलं, दोन वर्षांचा अनुभव लावून देतो, पेस्लिपसकट. फ्रेशरला कोणी घेत नाही, अनुभवीला घेतात. मित्राने केलंय. करावं का?

पिग्मीवाला

अजिबात नको.

रात्रपाळी

नको रे. पीएफचा यूएएन असतो, त्यावर कुठल्या कंपनीने कधीपासून कधीपर्यंत पैसे भरले ते सगळं दिसतं. कागदावर दोन वर्षं आणि पीएफला शून्य, हे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले पहिल्या फटक्यात पकडतात. आमच्याकडे एकाला कामावर आल्यावर काही महिन्यांनी बोलावून लॅपटॉप जमा करायला सांगितला. पोरगं कामाला चांगलं होतं हो, वाईट वाटलं.

खडूस

आणि पकडला गेला नाही तरी दोन वर्षांच्या अनुभवाचं काम पहिल्या दिवशी अंगावर पडतं, ते कोण करणार? कन्सल्टन्सीवाला?

नवखा२०२४

कळलं. धन्यवाद.

दूरदेशी

श्टुटगार्टहून रामराम. इथं एक वेगळीच वाट आहे. फाखइन्फॉर्मॅटिकर नावाचं साधारण तीन वर्षांचं आउसबिल्डुंग असतं. शाळा संपली की मुलगा थेट कंपनीत करारावर लागतो, काही दिवस व्यवसाय-शाळेत आणि बाकी कामावर, पगारही मिळतो. डिग्री नाही. माझ्या टीममध्ये असा एक जण आहे, आणि नेटवर्कचं काही अडलं की आम्ही मास्टर्सवाले त्याच्याकडेच जातो. अल्गोरिदमचं काही आलं की तो आमच्याकडे येतो. आपल्याकडचा डिप्लोमा खरं तर याच्या जवळ जाणारा, पण आपण त्याला 'डिग्रीचा मागचा दरवाजा' करून टाकलं.

बाभळगावकर

@दूरदेशी, मागच्या दरवाजाने आलेला हजर आहे. सहमत.

एक राहिलंच, मूळ प्रश्नाबद्दल. मला अभ्यासक्रमात हवं होतं आणि मिळालं नाही ते युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना ठरवून दिलेले क्रमांक. पहिलं काम एका सरकारी योजनेच्या लाभार्थ्यांच्या यादीचं. जुना डेटा कृतिदेव नाहीतर श्रीलिपीत, म्हणजे आत इंग्रजी अक्षरांचेच कोड आणि वर मराठी दिसणारा फॉन्ट. फॉन्ट बदलला की आजीचं नाव म्हणजे नुसती चिन्हं. ते रूपांतर करून एसक्यूएल सर्व्हरमध्ये टाकलं, तर सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. कॉलम एनव्हारकॅर (युनिकोड मावणारा प्रकार) केला तरी तेच. अवतरणचिन्हाआधी एन अक्षर लावायचं राहिलं होतं, एवढ्यासाठी दीड दिवस. मग कळलं, 'क्ष' आपल्याला एक दिसतं पण आत तीन आहेत: क, हलन्त, ष. यूटीएफ-८मध्ये नऊ बाइट. आडनाव कापलं जायचं ते त्याने. एसएमएस पाठवायला गेलो तर इंग्रजीत १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०. बजेट करताना हे कुणी धरलंच नव्हतं. आपल्या भाषेचं आपल्याच अभ्यासक्रमात नाही.

पिग्मीवाला

@बाभळगावकर, हे मुलाखतीत सांगितलंत तर कुठल्याही भाषेत घेतील तुम्हाला.

रानवारा

बरेच प्रतिसाद आले, आभार. @सेमीकोलन, एआयबद्दल: आमच्याकडेही कोपायलट (कोड लिहून देणारं एआय) आहे, मीही वापरते. ते लिहून देतं ते दुसऱ्याचंच लिहिलेलं असतं, आणि ते तपासून 'ठीक' म्हणणाऱ्याचं नाव खाली लागतं. पिग्मीवाल्यांचा रकमेचा कॉलम फ्लोट ठेवून त्याने दिला तर कुणाला खटकणार? म्हणून लीटकोड कर, पण रोज एखाद्या ओपन सोर्स प्रोजेक्टमधली एक फाइल वाच आणि ती काय करते हे मराठीत का होईना, पाच ओळींत लिही. गिटहबवर स्वतःचं एखादं लहान पण पूर्ण झालेलं काम ठेव. मागच्या बॅचकडून विकत घेतलेला फायनल इयर प्रोजेक्ट मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो.

सेमीकोलन

विकत नाही घेतला. चौघांत मिळून केला, म्हणजे मी केला आणि तिघांनी प्रेझेंटेशनला शर्ट इस्त्री केले.

टेस्टवाली

कॅपचा फॉर्म भरणाऱ्यांसाठी एक उपयोगाचं: घरात मुलगी असेल तर २०२४-२५पासून राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. प्रवेश कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्याला नाही. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, नंतर तहसीलला रांगा लागतात. माझ्या भाचीच्या वेळी कळलं.

वारणेचा_वाघ

नमस्कार. मीच तो मामेभाऊ. ताईने लिंक पाठवली. सगळं वाचलं, अर्धं कळलं. माझे दोन प्रश्न आहेत. नुसतं कॉम्प्युटर घेऊ की एआय-डेटा सायन्स? आणि लॅपटॉप कुठला घेऊ?

रानवारा

आलास का! जिथं चांगलं कॉलेज मिळतंय तिथं शाखेच्या नावावरून भांडू नकोस. कॉम्प्युटर, आयटी, एआय, पहिलं वर्ष जवळपास सारखंच. नेट लावून बसता येईल अशी लॅब, आणि वर्गात आपल्याहून हुशार मुलं, एवढं बघ. आणि फॉर्ममध्ये पहिला पर्याय विचार करून टाक. तोच मिळाला तर आपोआप फ्रीझ होतो, मग पुढच्या फेरीत बदलता येत नाही.

डॅकवाला

लॅपटॉप सोळा जीबी रॅमचा घे. आठमध्ये अँड्रॉइड स्टुडिओ आणि क्रोम एकत्र उघडलं की पंखा हेलिकॉप्टर होतो.

खडूस

गेमिंगचा घेऊ नकोस. 'ग्राफिक कार्ड एआयला लागतं' असं घरी सांगून सगळे घेतात आणि चार वर्षं व्हॅलोरंट खेळतात.

वारणेचा_वाघ

पप्पांना हेच सांगून झालंय.

जुना_कोबोलकर

बाळा, पहिल्या सेमला लॅपटॉप नाही घेतलास तरी चालेल. कॉलेजची लॅब वापर आणि लेक्चरला एक जाड वही घे. पॉइंटर चौकोन काढल्याशिवाय कळत नाही.

चहाटळ

काका, वही घेऊन पप्पांना काय सांगायचं? लॅपटॉपचा धागा वेगळा काढा, तिथं येतो. मॅकवाले यायच्या आत काढा म्हणजे झालं.